वहीत फक्त ‘मी’

रोज रात्री आपलंच वागणं तपासायच्या वहीची ही कृती. साहित्य: शंभर पानी वही, पेन आणि रात्री जेवणानंतरची दहा मिनिटं. मोबाइलवर लिहू नका; मध्येच कुणाचं तरी स्टेटस दिसतं आणि मत्सराला नवं खाद्य मिळतं. मुदत 68 दिवस. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना जाऊन येतात, म्हणून तोच आकडा. सोलापूरकराच्या लक्षात राहतो.

पान मधोमध दुमडा. डावीकडे दिवसातला एकच प्रसंग, आणि वाक्याचा पहिला शब्द ‘मी’. समजा, नळाला पाणी आलं, शेजाऱ्यानं लाइनला मोटार लावली आणि तुमचा आवाज चढला. हात आपोआप लिहितो, ‘त्यानं मोटार लावली म्हणून चिडलो.’ खोडा. लिहा, ‘मी त्याच्या पोरासमोर “काय बे, बापाची लाइन आहे का?” म्हणालो.’ मोटार लावणं चूकच, पण तो हिशेब या वहीत नको.

उजवीकडे षड्रिपूंपैकी एकाचं नाव: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. पहिल्यांदा बहुतेक जण क्रोध लिहितात. तिथं थांबू नका, ‘याच्या आधी काय होतं?’ असं दोनदा विचारा. त्याला मोटार परवडते, आपल्याला नाही. किंवा गल्लीनं आपला दरारा पाहावा असं वाटत होतं. खरं नाव त्यात सापडतं. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा मात्र आधी तांब्याभर पाणी प्या. अर्धी चिडचिड तहानेची आणि अपुऱ्या झोपेची असते, तिला रिपू म्हणू नका.

खाली उद्याचं एक काम. ‘शांत राहीन’ हे काम नव्हे. ‘काल पोरासमोर तसं बोललो, चुकलं’ एवढं जाऊन सांगणं, हे काम. त्यापुढं ‘पण’ आला की भांडण नव्यानं सुरू.

दुसऱ्या आठवड्यात वही हमखास घसरते आणि सासूचं, नाहीतर साहेबाचं आरोपपत्र होऊन बसते. रविवारी लाल पेनानं ‘तो’, ‘ती’, ‘ते लोक’ यांना गोल करा. एका पानावर तीनपेक्षा जास्त निघाले तर पान पुन्हा लिहा. याउलट ‘मीच नालायक’ हीसुद्धा पळवाटच, कारण त्यात प्रसंगच नसतो. असले विचार दोन आठवडे पाठ सोडत नसतील, झोप उडाली असेल, तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर फोन करा. घरात मारहाण किंवा कुणाकडून फसवणूक होत असेल तर तिथं आत्मपरीक्षण कामाचं नाही, तक्रारच करायची.

महिन्याभरात दुसऱ्यांचे रिपू स्पष्ट दिसायला लागतात आणि सल्ले द्यावेसे वाटतात. त्या रात्रीच्या पानावर ‘मद’ लिहा.

शेवटी उजवी बाजू मोजा. जे नाव सगळ्यात जास्त वेळा आलं, पुढच्या वहीत तेवढंच धरा. भरलेली वही कपाटात ठेवू नका, कुणीतरी वाचतंच. सकाळी बंबात घाला.