ड्युटी कशी लावावी: एका हजेरी मेजरची वही

ठाणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात मी सहा वर्षं हजेरी मेजर, म्हणजे रोज कोणाची ड्युटी कुठे ते लावणारा, होतो. रिटायर होऊन कळव्याला आलो, तरी नवी पोरं फोन करतात, "मेजर, ड्युटी लावली की सगळे रुसतात, काय करू?" रुसणारच. रुसवा चहापर्यंत टिकावा, बदलीच्या अर्जापर्यंत जाऊ नये, एवढंच आपण बघायचं.

आधी मंजूर संख्याबळ विसरा. त्यातून मुख्यालयाला संलग्न असलेले, ट्रेनिंगला गेलेले, सिक रजेवरचे, साप्ताहिक सुट्टीवाले वजा करा. आमच्या बोर्डावर ४५ होते, सकाळच्या हजेरीला २२-२३ उभे असायचे. तक्ता त्या २२ जणांचा मांडायचा.

ज्या जागा रिकाम्या ठेवताच येत नाहीत त्या पहिल्या भरा: दिवस-रात्रीचे ठाणे अंमलदार, लॉकअप गार्ड, सीसीटीएनएसचं (गुन्ह्यांच्या ऑनलाइन नोंदींचं) टेबल, ११२ या मदत क्रमांकाची गाडी. कोठडीत बाई असेल तर महिला अंमलदार लागणारच. ती कोण ते आधीच ठरवा, रात्री अकराला फोनाफोनी करू नका. बीट (ठरलेल्या भागाची गस्त), समन्स-वॉरंट, नाकाबंदी त्यानंतर.

कोर्ट पैरवीवाल्याकडून, म्हणजे ठाण्याचं कोर्टाचं काम बघणाऱ्याकडून, पुढच्या आठवड्याच्या तारखा शनिवारीच घ्या. हे मी एकदा चुकवलं. रात्रभर गस्त घातलेला हवालदार सकाळी अकराला साक्षीला उभा राहिला आणि पंचनाम्याची तारीखच चुकीची सांगून बसला. साहेब त्याला नाही, मला बोलले. बरोबरच बोलले.

नाईटचा हिशेब वेगळ्या वहीत, पेन्सिलने. प्रत्येक नावापुढे एक-एक रेघ. कोणाच्या रेघा वाढल्या ते त्याने सांगण्याआधी तुम्हाला दिसलं पाहिजे. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आम्हीही गणित मांडून पाहिलं होतं. २२ माणसांत तीन पाळ्या बसत नाहीत. पण नाईट उतरलेल्याला दुसऱ्या सकाळच्या बंदोबस्तात ओढायचं नाही, एवढं बसतं.

खरी परीक्षा सणांची. आगरी-कोळी पोरांना गणपतीत घरी जायचं असतं, जळगाव-साताऱ्याकडच्यांना दिवाळीत. म्हणून सगळ्यांना सारखं वाटायला जाऊ नका. जूनमध्येच विचारा, कोणाला कोणता सण हवा, कोणता सोडणार. दोघांची अदलाबदल वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. पौषात म्हसा गावच्या यात्रेचा बंदोबस्त लागतो, पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेज घाटात. गेल्या वर्षी घाटात भिजलेला यंदा तिथे नको. मुस्लिम आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांना ईद-नाताळची सुट्टी मागायला लावू नका, आपणच टाका.

तक्ता संध्याकाळी सहापर्यंत बोर्डावर आणि ग्रुपवर. त्यानंतर बदल झाला तर लाल पेनने. ज्याची ड्युटी बदलली त्याला तुम्ही स्वतः फोन करा. ग्रुपवर वाचून कळलं तर माणूस दुखावतो. ठाण्यातून निघाल्याची आणि परत आल्याची नोंद स्टेशन डायरीला पडतेय का, ते रोज झोपण्याआधी बघा. बंदोबस्ताला पाठवलेला माणूस नोंदीविना परतला आणि वाटेत काही घडलं, तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

आणि लाल बदलापुढे एक रकाना आखा: 'कोणाच्या सांगण्यावरून'. मी तो सुरू केला आणि महिन्याभरात शिफारशी निम्म्यावर आल्या. साहेबांच्या ड्रायव्हरच्या तेवढ्या कमी झाल्या नाहीत.