चालीतली अनियमितता मोजताय? या चुका टाळा

एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा काळ म्हणजे स्ट्राइड टाइम. निरोगी माणसात तो साधारण १.१ सेकंद असतो आणि दर स्ट्राइडला जेमतेम २० ते २५ मिलिसेकंद इकडेतिकडे होतो. म्हणजे सीव्ही (प्रमाण विचलन भागिले सरासरी, गुणिले १००) दोन टक्क्यांच्या आसपास. सरासरी वेग काढताना थोडा ढिसाळपणा खपतो. इथे मात्र मोजणाऱ्याची प्रत्येक चूक रुग्णाच्या नावावर जमा होते.

सगळ्यात जास्त घात करते ती निसटलेली टाच. पायावरच्या सेन्सरच्या नोंदींतून टाच टेकल्याचा क्षण ओळखणाऱ्या कोडची मर्यादा (किती जोराचा धक्का म्हणजे टाच टेकली) धडधाकट विद्यार्थ्यांना चालवून ठरवलेली असते. मग तेच कोड पाय घासत चालणाऱ्या आजोबांना लावलं जातं. त्यांचा टाचेचा धक्का मुळात हलका, त्यामुळे एखादा हमखास सुटतो आणि दोन स्ट्राइडची मिळून २.२ सेकंदांची एकच स्ट्राइड तयार होते. ४० स्ट्राइडमध्ये अशी एक शिरली की दोन टक्क्यांचा सीव्ही थेट १५ च्या वर जातो. अहवालात मात्र ‘चाल अत्यंत अस्थिर’ असं छापून येतं.

यावर घाईची मंडळी ‘तीन प्रमाण विचलनांपलीकडचं सगळं उडवा’ हा उपाय करतात. तो करू नका. पार्किन्सनच्या रुग्णाचं खरंखुरं अडखळणंही त्याच टोकाला असतं, आणि तेच तर शोधायचंय. आधी सगळ्या स्ट्राइड टाइमचा आलेख काढा. मध्यकाच्या दुप्पट जवळ जाणारी प्रत्येक स्ट्राइड नडगीवरच्या जायरोच्या (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) मूळ सिग्नलमध्ये जाऊन बघा. तेवढ्या काळात पाय पुढे झुलल्याची दोन शिखरं दिसली तर टाच निसटली आहे, ती हाताने भरा. एकच शिखर असेल तर माणूस खरोखर थबकला आहे, त्याला हात लावू नका. शंभर फाइली असल्या तरी हे करायचंच.

वळणांचंही तसंच. १० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये एका फेरीत आठेक स्ट्राइड बसतात. सुरुवातीची आणि शेवटची दोन-दोन पावलं वेग घेण्यात आणि कमी करण्यात जातात, ती (म्हणजे एकूण दोन स्ट्राइड) वगळली की उरतात सहा. तरी दोन फेऱ्यांवर दशांशासकट सीव्ही दिला जातो! ३० मीटरची सरळ वाट मिळवा, किमान ५० स्वच्छ स्ट्राइड जमेपर्यंत चालवा आणि कमरेच्या सेन्सरवरचा उभ्या अक्षाभोवतीचा फिरण्याचा वेग बघून वळणं कापा. डीएफए (एका स्ट्राइडचा पुढच्या स्ट्राइडशी दूरवर संबंध टिकतो का, हे बघणारं विश्लेषण) करायचं असेल तर सलग काही शे स्ट्राइड लागतात. तुकडे जोडून ते होत नाही, कारण त्यात क्रमालाच अर्थ आहे.

५० हर्ट्‌झवर (सेकंदाला ५० नोंदी) सेन्सरच्या दोन नोंदींत २० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, जवळपास मोजायच्या फरकाएवढंच. १०० च्या खाली जाऊ नका, २०० असेल तर उत्तम. मोबाइल वापरत असाल तर नोंदींचा क्रमांक मोजून वेळ काढू नका, प्रत्येक नोंदीचा टाइमस्टँप घ्या.

जायरोची रेंज सेकंदाला ±२५० अंश ठेवली तर झुलणाऱ्या नडगीचं शिखर कापलं जातं. पायावर ±१००० किंवा जास्त ठेवा, अ‍ॅक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) ±१६ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या १६ पट.

डाव्या-उजव्या सेन्सरच्या घड्याळांत दहा लाखात २० भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत १२ मिलिसेकंद सरकतात. एकाच पायाच्या स्ट्राइड टाइमला त्याने काही होत नाही, पण डाव्या-उजव्या पावलांच्या काळाची तुलना बिघडते. चाचणीच्या आधी आणि नंतर दोन्ही सेन्सर एकत्र धरून टेबलावर तीनदा आपटा आणि त्या ठोक्यांवर नोंदी जुळवा.

सैल पट्टा नको. पट्ट्याखाली दुतर्फी टेप लावा. चप्पल की बूट, हे दर वेळी लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत तेच घालायला सांगा. वेगही नोंदवा, कारण हळू चालताना अनियमितता आपोआप वाढते.

चाचणी घेणाऱ्याने रुग्णाच्या बरोबरीने चालू नये, रुग्ण त्याच्या पावलाशी पाऊल जुळवतो. तोल जाण्याची भीती असेल तर अर्धं पाऊल मागे, बाजूला राहा. आणि चालताना ‘काका, कसं वाटतंय?’ असं विचारू नका. उत्तर देण्यात लक्ष गेलं की चाल बदलते.