तोंडाच्या कॅन्सरला ब्रॅकीथेरपी: या चुका टाळा

तोंडातली गाठ लहान असली तरी आपल्याकडे पहिला विचार ऑपरेशनचाच होतो. पण ओठ, जीभ किंवा गालाच्या आतल्या काही निवडक गाठींना ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून शेक (किरणांचा उपचार), चालतो. भूल देऊन गाठीतून बारीक नळ्या ओवतात. मशीन त्यांतून इरिडियम-192 चा, म्हणजे किरणं सोडणाऱ्या धातूचा, दाणा काही मिनिटं फिरवून परत घेतं. बहुधा दिवसातून दोनदा, मध्ये निदान 6 तास सोडून.

सगळ्यात महागात पडणारी चूक दातांची. "दाढ किडलीय, पण आधी कॅन्सरचं बघू" असं म्हणून लोक दातांच्या डॉक्टरकडे जातच नाहीत. शेकानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. मग दाढ काढली की जखम भरत नाही, हाड उघडं पडून सडतं. म्हणून काढायचे दात आधीच काढा आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्या. जबडा वाचवायला जीभ आणि हाड यांच्यामध्ये शिशाची पट्टी ठेवता येते; ती बसवणार का, हे विचारा. आणि दहा वर्षांनी दात काढायची वेळ आली, तरी शेक घेतल्याचं आधी सांगा.

गाठ हिरडीवर किंवा हाडाला लागून असेल तर या उपचाराचा हट्ट नको.

मानेकडे दुर्लक्ष, ही दुसरी चूक. हा शेक तोंडातल्या गाठीपुरता असतो; कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या मानेतल्या लसिका गाठींपर्यंत पोचत नाही. ऑपरेशनच्या रुग्णांवरचा टाटा मेमोरियलचा 2015 चा अभ्यास बघा: मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढलेल्यांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते, मानेत कॅन्सर दिसेपर्यंत वाट बघितलेल्यांपैकी 67.5. तेव्हा मानेचं काय करायचं, ते सुरुवातीलाच ठरवून घ्या.

नळी सरकली तर स्वतः आत ढकलू नका, नर्सला बोलवा; सगळा हिशेब नळीच्या जागेवर बेतलेला असतो. दाणा मशीनमध्ये परत गेला की अंगात किरणं उरत नाहीत, नातवाला जवळ घ्यायला हरकत नाही.

घरी आल्यावर तोंड जास्तच सोलवटतं, त्याने घाबरू नका. दोन-तीन आठवडे ते वाढतं, मग हळूहळू भरतं. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या, मऊ खिमट. तिखट आणि अल्कोहोलचा माउथवॉश बंद. जखम महिनोन्‌महिने तशीच राहिली किंवा कडक लागली, तर मात्र लगेच दाखवा.

आणि मिश्री. "तंबाखू सोडली हो, फक्त मिश्री लावते" असं सांगणाऱ्या बायका कमी नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.