चावीची गाण्याची पेटी: जुने पोर्टेबल ग्रामोफोन शोधताना, पारखताना आणि सांभाळताना

सांगली-मिरजेच्या जुन्या घरांत ‘पोर्टेबल ग्रामोफोन आहे का’ असे विचारले, तर बहुधा मान नकारार्थी हलते. ‘तुमच्याकडे कधी चावीची गाण्याची पेटी होती का?’ असे विचारले, की घरातले एखादे वयस्कर माणूस पोटमाळ्याकडे बोट दाखवते. संग्रह करू इच्छिणाऱ्याने पहिली गोष्ट शिकायची ती हीच, कारण चावी देऊन तबकड्या वाजवणाऱ्या, बॅगेसारख्या उचलून नेता येणाऱ्या या यंत्राचे कंपनीने ठेवलेले नाव आणि घराघरांत रुळलेले नाव वेगवेगळे आहे. ‘फोनो’, ‘कुत्र्याच्या छापाची पेटी’, ‘गाण्याची बॅग’ अशी जी नावे कानावर पडतील ती लक्षात ठेवावीत आणि पुढच्या घरी तीच वापरावीत.

दुर्मिळ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवलेले बरे. आपल्याकडे सर्वाधिक आढळते ते कुत्र्याच्या छापाच्या हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीचे १०२ हे मॉडेल. ते १९३१ साली आले आणि जवळजवळ तीन दशके बनत राहिले. त्याच्या आधीचे १०१ हे १९२५ पासून विकले जात होते. अगदी सुरुवातीच्या १०१ मध्ये चावी घालण्याचे भोक पेटीच्या पुढच्या बाजूला असते आणि नंतरच्या यंत्रांत ते उजव्या कडेला गेलेले दिसते, त्यामुळे पुढे भोक असलेली पेटी दिसल्यास क्षणभर थांबावे. १०२ मध्ये काळा रंग नेहमीचा, तर लाल, निळा आणि हिरवा तुलनेने विरळा. तरीही माझे मत असे, की मॉडेल किंवा रंगापेक्षा दुर्मिळ आहे ती कोणी हात न लावलेली पेटी, म्हणजे जिची मोटर, साउंडबॉक्स (तबकडीवर टेकणारी पिन ज्यात बसते आणि ज्यातून आवाज उमटतो तो गोल भाग), चावी आणि रेक्झिन ही सारी कारखान्यातून निघाली तेव्हाचीच आहेत अशी.

अशी पेटी विरळ होण्यामागे एक कारण आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पितळी कर्ण्याचे, चकचकीत, लाकडी चौकोनी खोक्यावर उभे असलेले जे ‘अँटिक’ ग्रामोफोन हॉटेलांत आणि दिवाणखान्यांत मांडलेले दिसतात, त्यांपैकी बरेच अलीकडे जुळवलेले असतात आणि त्यांच्या पोटात अनेकदा एखाद्या पोर्टेबलची उपसून काढलेली मोटर असते. एक दिखाऊ नकली वस्तू तयार करण्यासाठी एक प्रामाणिक यंत्र मोडले जाते. म्हणून नवशिक्याने मोठ्या कर्ण्याच्या मागे न लागता साध्या काळ्या पेटीपासून सुरुवात करावी. तिच्यात फसवणुकीला वाव कमी असतो आणि आवाजही अधिक चांगला असतो. पोर्टेबलमध्ये कर्णा नसतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो पेटीच्या पोटात दुमडून बसवलेला असतो आणि त्यातून निघणारा आवाज उघड्या झाकणावर आदळून खोलीत पसरतो.

शोधण्याच्या जागा ठरलेल्या नाहीत. वाडा पाडायला निघाला, की माळ्यावरचे सामान आधी खाली येते, म्हणून वाड्याचे काम घेणाऱ्या ठेकेदारांशी ओळख ठेवावी. मिरजेत तंतुवाद्ये आणि हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडेही विचारावे. त्यांच्याकडे जुन्या गाणाऱ्या घरांची माहिती असतेच, शिवाय पुढे दुरुस्तीला लागणारे फेल्ट आणि मऊ कातडेही तिथेच मिळते. भंगारवाल्याकडे पेटी पोहोचते तेव्हा बहुतेक वेळा तिची चावी हरवलेली असते.

सांगलीच्या गणपती पेठेच्या बाजूला एका घरात मला मिळालेली पेटी अजून डोळ्यांपुढे आहे. झाकण उघडल्यावर आतल्या खिशात कापडात गुंडाळलेली चावी होती आणि कोपऱ्यातली पिनांची वाटी बाहेर ओढली, तर तिच्यात वापरलेल्या पिना वेगळ्या, कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेल्या होत्या. ‘आजी, ही पेटी कोणाची?’ असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांची. मिरजेवरनं आणली हुती. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.’ त्या एका वाक्याने माझी अर्धी तपासणी झाली.

उरलेली तपासणी मात्र भावनेच्या भरात सोडू नये. प्रथम पेटी बंद असतानाच हातात घेऊन हळूच हलवावी. आत काही खुळखुळले तर सुटा भाग किंवा तुटलेली स्प्रिंग असण्याची शक्यता असते. नंतर झाकण उघडून वास घ्यावा. ओलसर, कुजकट वास म्हणजे प्लायवूड भिजलेले आहे. आमच्याकडे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण २००५ आणि २०१९ च्या कृष्णेच्या पुरात सांगलीतील असंख्य घरांचे तळमजले पाण्याखाली गेले होते. पुराचे पाणी लागलेल्या पेटीचे रेक्झिन पुसून स्वच्छ दिसते, पण कोपऱ्यांवर लाकूड फुगलेले असते आणि स्क्रूच्या खाचांत बारीक गाळ अडकलेला असतो. भिंगाने त्या खाचा पाहाव्यात. गाळ दिसल्यास, पेटी कितीही सुंदर असली तरी ती केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावी, असा माझा नियम आहे.

मग चावी घालून सावकाश फिरवावी. प्रत्येक फेऱ्याबरोबर ताण थोडा थोडा वाढला पाहिजे. ताण न येता चावी नुसतीच फिरत राहिली, तर स्प्रिंग तुटलेली किंवा तिचे टोक निसटलेले आहे. हाताला जडपणा जाणवू लागला की थांबावे, कारण शेवटचा फेरा जबरदस्तीने देणे हेच स्प्रिंग तुटण्याचे नेहमीचे कारण असते. तबकडी न ठेवता थाळी, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती चकती, फिरू द्यावी आणि कान खाली नेऊन ऐकावे. अधूनमधून ‘धप्’ असा दबका आवाज आला, तर स्प्रिंगच्या डब्यातले ग्रीस घट्ट झाले असून स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून झटक्याने सुटत आहेत, असे समजावे. हा दोष दुरुस्त होतो. ‘कर्र’ असा बारीक, सलग आवाज गव्हर्नरकडून येतो. गव्हर्नर म्हणजे पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन वजने. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते, फेल्टच्या किंवा कातड्याच्या गादीवर घासते आणि वेग आवरला जातो. ती गादी सुकली असेल तर थेंबभर तेल पुरते.

खरी परीक्षा तबकडी लावून होते. तिच्या लेबलाखाली कागदाची चिंधी अशी ठेवावी की तिचे टोक कडेबाहेर दिसेल, आणि घड्याळ लावून फेरे मोजावेत. मिनिटाला ७८ आले पाहिजेत. थोडा फरक असल्यास वेगाच्या दांडीने तो जुळवता येतो. त्यानंतर पूर्ण चावी देऊन बारा इंची तबकडीची एक संपूर्ण बाजू ऐकावी, कारण दहा इंची तबकडी जेमतेम तीन मिनिटांत संपते आणि थकलेल्या स्प्रिंगचा दोष तेवढ्यात उघडा पडत नाही. स्वर शेवटी उतरू लागला तर स्प्रिंग दमली आहे. याच कामासाठी मी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तबकडीही जवळ ठेवतो. मिरजेत स्थायिक झालेल्या आणि १९३७ साली निधन पावलेल्या खाँसाहेबांचा लांब, स्थिर लावलेला षड्ज वेगातला किंचितसा हेलकावाही लपू देत नाही. तबला-पेटीच्या गर्दीत जो दोष कानाला कळत नाही, तो त्या एका स्वरात लगेच कळतो.

साउंडबॉक्स वेगळा पाहावा. १०१ वर चार क्रमांकाचा, अभ्रकाचा पडदा असलेला साउंडबॉक्स असतो, तर १०२ वर १६, ५ए किंवा ५बी यांपैकी धातूच्या पडद्याचा. अभ्रकावर पांढरे डाग किंवा सुटलेले पदर नसावेत. त्याच्याभोवतीचे रबर कालांतराने दगडासारखे कडक होते आणि मग उंच स्वराला आवाज फाटतो. हे रबर बदलता येते. पण साउंडबॉक्सचे मागचे कवच जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असेल, तर त्याच्यावर बारीक भेगा आणि फुगवटा आहे का, ते पाहावे. हा रोग धातूच्या आतूनच येतो, त्याला उपाय नाही आणि स्क्रू सोडवताना असे कवच हातातच तुटते.

सौदा ठरवताना गहाळ वस्तूंची यादी मनात करावी. चावी, पिनांची वाटी, झाकणातील तबकड्यांचा कप्पा आणि झाकण उघडे धरणारा आधार या गोष्टी लहान वाटतात, पण मूळच्या मिळवायला वर्षे जातात. घरातल्या माणसांना यंत्राची किंमत माहीत नसते, याचा गैरफायदा घेऊ नये. आपण ती कितीला घेऊ शकतो ते सरळ सांगावे आणि पेटीवर गाणी ऐकलेले माणूस घरात असेल, तर ती नेण्यापूर्वी त्यांना एक तबकडी ऐकवावी.

दुरुस्तीबाबत माझा अनुभव कडू आहे. सुरुवातीच्या काळात मी एक निळी पेटी एका कारागिराकडे दिली. त्याने मोटर उत्तम केली, पण मला न विचारता मूळ निळे रेक्झिन सोलून त्यावर नवे काळे चढवले. ते परत आणता आले नाही. तेव्हापासून काय करायचे यापेक्षा काय करायचे नाही, हे मी कागदावर लिहून देतो: रंग नको, रेक्झिन नको, निकेलला पॉलिशचे यंत्र नको. रेक्झिन ओलसर मऊ कापडाने पुसणे पुरेसे असते. मोटर स्वतः बाहेर काढायची असल्यास आधी थाळी फिरू देऊन स्प्रिंग पूर्णपणे उतरवावी. ताण असताना गव्हर्नर सोडवला, तर चाके बेफाम सुटतात आणि दात मोडतात. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. त्यातील पोलादी पट्टी उसळून बाहेर येते आणि हात चिरते. ते काम जाणकाराचे. रॉकेलने जुने ग्रीस धुऊन, पुसून, ग्रॅफाइट मिसळलेले ग्रीस भरायला त्याला सांगावे.

पोलादी पिन एका बाजूसाठी एकदाच वापरायची असते. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते आणि ती पिनेचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते. तीच पिन पुन्हा लावली, तर तिची धारदार झालेली कड पुढच्या तबकडीची खाच कापते. आजींच्या घरातली ती पुडी म्हणूनच मला इतकी बोलकी वाटली. त्यांच्या यजमानांनी वापरलेली पिन पुन्हा लागू नये म्हणून ती बांधून ठेवली होती. या यंत्रावर प्लास्टिकची एलपी चुकूनही लावू नये, आणि लाखेची तबकडी स्पिरिटने पुसू नये, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

हात बसल्यावर विरळ यंत्रांकडे वळावे. लंडनच्या बार्नेट सॅम्युअल यांचा १९१४ चा डेका पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खंदकांत नेला होता. स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीचा एक्सेल्डा मिटला की कॅमेऱ्यासारखा दिसतो. हंगेरीच्या वादाझ बंधूंनी कल्पिलेला आणि पैयार कंपनीने १९२० च्या दशकात बनवलेला मिकीफोन तर खिशातल्या मोठ्या घड्याळाएवढा असून तो जोडून पूर्ण आकाराची तबकडी वाजवता येते. अशा यंत्रांचे सुटे भाग आपल्याकडे मिळणे कठीण, म्हणून त्यांतला एकही भाग गहाळ असेल तर मोह आवरावा.

पावसाळ्यात पेटी भिंतीला चिकटून ठेवू नये आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, आत बुरशी धरते. सुती कापडाचे आवरण आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. महिन्यातून एकदा झाकण उघडून दोन तबकड्या वाजवाव्यात, नंतर स्प्रिंग उतरवावी आणि मगच पेटी मिटावी. ती कोणाच्या घरातून, कोणत्या साली आली आणि तिच्यावर काय ऐकले जात असे, हे एका चिठ्ठीवर लिहून झाकणातल्या कप्प्यात ठेवावे. माझ्याकडच्या त्या काळ्या पेटीत अशी चिठ्ठी आहे आणि तिच्या शेजारी वापरलेल्या पिनांची ती पुडी तशीच बांधलेली आहे.