जैविक मानसशास्त्राच्या पेपरात 'नस' लिहू नका

"मज्जारज्जूमध्ये लाल रक्तपेशी तयार होतात व त्या मेंदूला पुरवल्या जातात."

बीए दुसऱ्या वर्षाच्या एका उत्तरपत्रिकेत हे वाक्य वाचलं तेव्हा बाहेर एप्रिलचं ऊन होतं, पंखा गरम वारा फेकत होता आणि गठ्ठ्यात अजून तीसेक पेपर बाकी होते. आधी हसले. दोन पेपर सोडून पुन्हा तेच वाक्य, फक्त 'लाल'च्या जागी 'तांबड्या'. मग हसू गेलं.

मी परभणी-नांदेड पट्ट्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी नवी लेकरं येतात, चुका मात्र जुन्याच घेऊन येतात. त्यातल्या काही इथे लिहून ठेवते. सगळ्या नाहीत, तेवढा दम नाही.

नस, कणा आणि मज्जा

रक्तपेशीवाल्या पोराला नंतर वर्गात विचारलं, हे कुठून आणलंस? तो म्हणाला, "मॅडम, शाळेत शिकवलं होतं की, रक्त मज्जेत तयार होतं म्हणून." बरोबर आहे त्याचं. शाळेत होती ती अस्थिमज्जा, हाडाच्या पोकळीतली. आयुर्वेदाच्या सात धातूंमधली मज्जाही तीच. पुढे परिभाषा करणाऱ्यांनी कण्याच्या पोकळीतल्या मऊ दोरीलाही मज्जारज्जू म्हटलं आणि अख्ख्या यंत्रणेला मज्जासंस्था. शब्द एक, वस्तू दोन. मज्जारज्जूत चेतापेशी, म्हणजे संदेश नेणाऱ्या पेशी, असतात, तिथे रक्त तयार होत नाही. पोराने तर्क बरोबर चालवला, फक्त चित्र उघडून पाहिलं नाही.

हीच गत कण्याची. 'पाठीचा कणा मेंदूकडे संदेश नेतो' असं दहातले सहा जण लिहितात. कणा म्हणजे हाडं, एकावर एक बसलेले मणके. हाडं संदेश नेत नाहीत. त्यांच्या आतून जी करंगळीएवढी जाड दोरी जाते ती मज्जारज्जू, आणि तिच्यातून चेतांच्या, म्हणजे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या जुड्यांच्या, ३१ जोड्या बाहेर पडतात. मोठ्या माणसात ही दोरी कण्याच्या टोकापर्यंत जातही नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपते. दवाखान्यात 'पाठीतलं पाणी' काढताना सुई त्याच्या खाली घालतात ती याचसाठी. एवढं एक डोक्यात बसलं की कणा आणि रज्जू पुन्हा एक होत नाहीत.

आणि नस! आपल्याकडे हात बधिर झाला की नस दबली. अर्धांगवायू झाला की मेंदूची नस फुटली. रक्त काढायला गेलं की नस सापडेना. माझ्या आजीच्या मानेची नस तर दर थंडीत 'चढायची'. यातली पहिली चेता, दुसरी मेंदूतली रक्तवाहिनी, तिसरी शीर आणि आजीची बहुतेक स्नायू. घरात बोलायला काही हरकत नाही, मीसुद्धा बोलते. पण पेपरात 'डोळ्याची नस' लिहिलं की तपासणाऱ्याने काय समजायचं? माझी सवय अशी की वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने पाडायचे: चेता, धमनी, शीर, स्नायू. घरात, एसटीत, दवाखान्याच्या रांगेत कुणीही 'नस' म्हणालं की ते वाक्य योग्य रकान्यात टाकायचं. महिनाभर. पान भरतं, आणि कान तयार होतो.

गंमत म्हणजे मराठीत शिकणाऱ्याला काही शब्द फुकटात मिळतात आणि नेमके तेच कुणी वापरत नाही. अभिवाही आणि अपवाही चेता यांची उलटापालट जवळजवळ प्रत्येक पेपरात असते. अरे, अपहरणातला 'अप' म्हणजे दूर नेणं. अपवाही चेता मेंदू-रज्जूपासून दूर, स्नायूंकडे नेतात. अभिवाही त्यांच्याकडे घेऊन येतात. पाठांतर कशाला लागतं याला?

डावा डोळा, उजवा मेंदू

हे माझं खरं दुखणं. 'डाव्या डोळ्याची माहिती उजव्या मेंदूत जाते व उजव्या डोळ्याची डाव्या मेंदूत.' चूक आहे. लिहिणाऱ्याला इतकी खात्री असते की खाली दुहेरी रेघ मारलेली असते.

समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे टक लावून बघा. खिळ्याच्या डावीकडचं सगळं डावं दृष्टिक्षेत्र, उजवीकडचं उजवं. आता एक डोळा झाका. खिळ्याच्या दोन्ही बाजू दिसतातच ना? म्हणजे प्रत्येक डोळा दोन्ही क्षेत्रं पाहतो. डाव्या क्षेत्राची माहिती, मग ती कुठल्याही डोळ्यातून आलेली असो, उजव्या गोलार्धात, म्हणजे मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, जाते. त्यासाठी प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या दृष्टिपटलाचे तंतू मेंदूच्या बुडाशी फुलीसारख्या जागी पलीकडे जातात आणि कानाकडच्या अर्ध्याचे तंतू आपल्याच बाजूला राहतात.

फळ्यावर सांगून सांगून घसा बसला, तेव्हा ठरवलं की फुली दाखवायचीच. रविवारी सकाळी शेळीची मुंडी आणायला खाटकाकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, मुंडी फोडून देऊ का?" मी म्हटलं, द्या. त्याने सत्तूर घातला आणि मुंडीचे बरोब्बर मधोमध दोन भाग. दोन्ही गोलार्धांना जोडणारा पांढरा पट्टा इतका सुंदर दिसला की पुस्तकातलं चित्र फिकं पडावं, पण माझी फुली सत्तुराखाली गेली होती. पुढच्या रविवारी सांगितलं, भेजा अख्खा पाहिजे. त्याने वरची कवटी तुकड्यातुकड्याने काढली, खाली बोटं घातली आणि ओढला. फुली कवटीतच राहिली, भेजा माझ्या डब्यात. तिसऱ्या रविवारी मी स्वतः ब्लेड घेऊन शेजारी बसले. पुढून भेजा हळूच उचलला, खाली दोन पांढऱ्या दोऱ्या ताणल्या गेल्या, त्या डोळ्याच्या बाजूने कापल्या. खाटीक शेजारच्या गिऱ्हाईकाला म्हणाला, "मॅडम डॉक्टरकीचं करायल्या."

ताजा भेजा लोण्यासारखा असतो, बोट लावलं की रुततं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून फॉर्मॅलिन मागून त्यात आठ दिवस ठेवला, तेव्हा कुठे हातात धरण्याजोगा झाला. (खिडक्या उघड्या ठेवा आणि हातमोजे घाला, फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात.) स्टीलच्या ताटात तो पालथा घातला. एक माळकरी घरातली मुलगी सुरुवातीला दारातच उभी होती. पाच मिनिटांनी चिमटा तिच्याच हातात. "मॅडम, ही तर खरंच फुली दिसायलीय." दिसणारच.

एक सांगायला मी विसरले, त्याचं प्रायश्चित्त पुढे मिळालं. शेळीचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे तिचे बहुतेक तंतू फुली ओलांडतात. माणसाचे साधारण निम्मेच. त्या वर्षी दोघांनी माणसाच्या दृष्टिमार्गाच्या उत्तरात शेळीचा हिशोब लिहिला.

ही फुली कळली नाही की मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरीचे विभक्त मेंदूचे प्रयोगही कळत नाहीत. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. गोलार्ध जोडणारा पट्टा कापलेल्या रुग्णाला मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगून डावीकडे क्षणभरच एखाद्या वस्तूचं चित्र दाखवायचे. क्षणभर यासाठी, की तेवढ्यात डोळा तिकडे वळायला नको. रुग्ण म्हणायचा, काही दिसलं नाही. कारण बोलणं बहुतेकांत डाव्या गोलार्धाचं काम आणि चित्र पोचलं उजव्यात. पण पडद्यामागे चाचपून त्याचा डावा हात तीच वस्तू उचलायचा. 'एक डोळा झाकून प्रयोग केला' असं लिहिणाऱ्याला हे कधी समजलंच नाही, त्याने फक्त निष्कर्ष घोकला.

स्वतःला तपासायचं असेल तर हा प्रश्न घ्या: पिट्यूटरी ग्रंथीची गाठ वाढून खालून फुलीच्या मध्यावर दाबली, तर काय दिसेनासं होईल? दोन्हीकडच्या कडा. टांग्याच्या घोड्याला झापडं लावल्यासारखं. का, ते आकृती काढून शोधा. दोन रंगांचे पेन घ्या, डाव्या क्षेत्राला एक, उजव्याला एक. एकाच पेनने काढलेली आकृती मी तपासते, पण आधी उसासा टाकते.

सोडियम-पोटॅशियम पंपाचा फाजील गौरव

विश्रामात चेतापेशीच्या आतलं विभव, म्हणजे बाहेरच्या तुलनेत विजेचा दाब, सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. उणे ५५ च्या आसपास उंबरठा ओलांडला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, विभव शून्याच्या वर जातं. इथवर सगळे बरोबर. मग लिहितात, 'नंतर पंप सोडियम बाहेर काढतो व विभव खाली येते.' नाही. विभव खाली येतं कारण सोडियमची दारं बंद होतात आणि पोटॅशियम आपल्या दारांतून बाहेर पडतो.

लोडशेडिंगच्या गावात हे समजायला किती सोपं आहे! लाईट असते तेव्हा मोटर गच्चीवरची टाकी भरते. लाईट गेली तरी नळ सोडला की बादली भरते. बादली मोटरीने भरली का? पंप म्हणजे ती मोटर: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, सावकाश, ऊर्जा खर्चून. नळ म्हणजे दारं. पंप बंद पाडलेला स्क्विड या समुद्री प्राण्याचा अक्षतंतूही (चेतापेशीचा संदेश नेणारा लांब धागा) बराच वेळ आवेग, म्हणजे विजेचे संदेश, पाठवत राहतो.

आणि स्क्विडचं निघालंच आहे तर: हा आवेग कसा चालतो ते शोधणाऱ्या हॉजकिन आणि हक्सली यांनी 'महाकाय स्क्विड' वापरला नव्हता. स्क्विड साधाच, त्याचा अक्षतंतू महाकाय, मिलिमीटरभर जाड. विशेषण कुणाला लावायचं एवढं तरी बघत जा.

किरकोळ

मेंदूचा दहाच टक्के भाग वापरला जातो, हे लिहू नका. कुठेच नका.

'डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन' हे रीलमध्ये ठीक. डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या जिभेवर गोड टाकलं तर त्याला ते आवडल्याचं तोंडावर दिसतं. तो ते मिळवायला मात्र उठत नाही. शिवाय पार्किन्सनमध्ये याच डोपामिनच्या पेशी मरतात आणि हालचाल अडते. ते सुखात कुठे बसवणार?

पुस्तकात हमखास भेटणारा रेल्वे कामगार फिनियस गेज १८४८ च्या अपघातात मेला नाही. डोक्यातून पहार आरपार गेल्यावर तो आणखी साडेअकरा वर्षं जगला आणि त्यातली बरीच वर्षं चिलीत घोडागाडी हाकत होता. त्याचा 'कायमचा जनावर झाला' हा पुस्तकी शेवट लिहिण्याआधी सहा घोड्यांची गाडी हाकायला काय लागतं ते आठवा.

गाइडबद्दल काही बोलत नाही. बोलले तर लेख संपायचा नाही.

मागच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या रात्री एकाचा मेसेज आला: "मॅडम, फक्त आयएमपी सांगा." वर्षभरात वर्गात चारदा दिसलेला मुलगा. मी लिहिलं, दृष्टिमार्गाची आकृती न बघता काढ आणि फोटो पाठव, मग सांगते. वाटलं, आता काही येत नाही. पावणेबाराला फोटो आला. दोन रंग, फुली जागेवर, निम्मे तंतू ओलांडलेले, निम्मे आपल्या बाजूला. एकही चूक नाही. आणि फुलीकडे बाण काढून सुबक अक्षरात लिहिलेलं: 'डोळ्याची नस'.