य² = क्ष³ − क्ष : एकेक बिंदू न मोजता संख्या कशी काढायची

कॉम्प्लेक्स मल्टिप्लिकेशन (वक्रावरच्या बिंदूंना √−1 सारख्या संमिश्र संख्येनं गुणता येणं) शिकायचं तर मोठ्या प्रमेयापासून नको, या एका वक्रापासून सुरुवात करा. नांदेड, लातूर, संभाजीनगर, कुठंही एम.एस्सी. करत असा, वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो, लाइट गेली तरी काम अडत नाही. प्रश्न एवढाच: मूळ संख्या प दिली, तर मॉड प (म्हणजे प ने भागून उरणारी बाकी तेवढी धरून) या वक्रावर बिंदू किती? अनंतावरचा एक बिंदू धरून.

प ला 4 ने भागून बाकी 3 उरली तर उत्तर प + 1, विषय संपला. क्ष च्या जागी −क्ष घातला की उजव्या बाजूचं चिन्ह उलटतं, आणि अशा प साठी −1 हा वर्ग नसतो. म्हणून 0, 1, −1 सोडले (तिथं एकेक बिंदू), तर क्ष आणि −क्ष यांपैकी एकावर दोन बिंदू मिळतात, दुसऱ्यावर एकही नाही.

खरं काम बाकी 1 असताना. उदाहरणाला मराठवाडा मुक्त झाला ते 1948 घेतलं असतं, पण ती सम संख्या. पुढचं 1949 घेऊ: मूळ आहे, बाकी 1.

आधी √−1 शोधा. 1949 ला 8 ने भागून बाकी 5 उरते, म्हणून 2 हा वर्ग नाही. 2 चा (प − 1)/4 वा, म्हणजे 487 वा घात मॉड 1949 काढला की 589 येतो. ताळा: 589² = 346921, आणि 1949 × 178 = 346922. बरोबर −1. (8 ने भागून बाकी 1 असेल तर 2 चालत नाही, 3, 5, 7 असे घेत जा, घाताचा वर्ग −1 आला की थांबा.)

आता 1949 आणि 589 वर युक्लिडचा भागाकार. बाक्या 182, मग 43, मग 10. √1949 साधारण 44.1 आहे, त्याखालची पहिली बाकी 43, तिच्या पुढची 10. आणि 43² + 10² = 1849 + 100 = 1949. विषम संख्येला अ म्हणा, सम संख्येला ब.

चुका होतात त्या इथून पुढं. उत्तर प + 1 − 2अ आहे, पण अ चं चिन्ह कोणतं? नियम असा: ब ला 4 ने भाग जात असेल तर अ असा घ्या की 4 ने भागून बाकी 1 उरेल, ब ला फक्त 2 ने भाग जात असेल तर बाकी 3 उरली पाहिजे. ऋण संख्येची बाकीही नीट काढा: −5 ची बाकी 3, −1 चीही 3. आपल्याकडं ब = 10, म्हणून अ = 43. बिंदू 1950 − 86 = 1864.

नियम पाठ न करता त्याचं मूळ बघा. (क्ष, य) ला (−क्ष, √−1·य) कडं नेलं तरी आपण वक्रावरच राहतो. संमिश्र गुणाकार तो हाच. म्हणून प वा घात घेण्याची फ्रोबेनियसची क्रिया म्हणजे अ + ब√−1 ने गुणणं होतं, आणि जागचे न हलणारे बिंदू (अ − 1)² + ब² = प + 1 − 2अ इतके भरतात. अशा प्रत्येक प साठी आठ बिंदू तर हातात असतातच: अनंत, (0, 0), (1, 0), (−1, 0), आणि क्ष = ±√−1 वरचे चार. आपल्या उदाहरणात (589, ±588) आणि (1360, ±590). पहिला घालून बघा, दोन्ही बाजू 771 येतात. वक्रावरच्या बिंदूंची बेरीज करता येते, आणि तिच्यात हे आठ मिळून उपगट होतो, म्हणून उत्तराला 8 ने भाग गेलाच पाहिजे. 1864 = 8 × 233.

चूक पकडायला हाच ताळा. अ चं चिन्ह चुकलं तर 2036 येतं, 8 ने भागून बाकी 4. अ आणि ब ची अदलाबदल झाली तर 1930 किंवा 1970 येतं, त्याला 4 नेही भाग जात नाही. बाकी बघूनच कुठं घसरलात ते कळतं.

आता मॉड्युलर फॉर्म, म्हणजे क या चलाची अशी घातमालिका की तिच्या सहगुणकांतून हेच 2अ वाचता येतात. या वक्राचा फॉर्म वजन 2, लेव्हल 32 चा आहे: क·∏(1 − क⁴ⁿ)²(1 − क⁸ⁿ)². सरळ गुणत बसू नका. क⁴ ला ट म्हणा आणि ऑयलरची मालिका वापरा: ∏(1 − टⁿ) = 1 − ट − ट² + ट⁵ + ट⁷ − … तिचा वर्ग 1 − 2ट − ट² + 2ट³ + ट⁴ + 2ट⁵ − 2ट⁶ + 0·ट⁷ … याच वर्गात ट च्या जागी ट² घालून दोन्ही गुणा. 1, −2, −3, 6, 2, 0, −1, −10 असे सहगुणक येतात. ते क च्या 1, 5, 9, 13, 17, 21, 25, 29 या घातांचे. ट⁷ चा सहगुणक हवा तर ऑयलरची मालिका ट⁷ पर्यंत न्या. ट⁵ ला तोडलीत तर −10 च्या जागी भलताच आकडा येईल.

घात मूळ असेल तिथं सहगुणक म्हणजे आपला 2अ. प = 13: 3² + 2², अ = 3, सहगुणक 6, बिंदू 8, म्हणजे वर सांगितलेले आठच. प = 29: अ = −5, सहगुणक −10, बिंदू 40. मूळ नसलेल्या घातांचाही ताळा होतो: 25 चा (−2)² − 5 = −1, 21 चा 0 × 0.

य² = क्ष³ + क्ष ला मात्र हाच चिन्हाचा नियम लावू नका. त्याचा लेव्हल 64, आणि 8 ने भागून बाकी 5 असलेल्या प साठी चिन्ह उलटतं: 1949 वर तिथं 2036 बिंदू. प = 5 वर हातानं मोजा: इथं 8, तिथं 4.

√−7, √−11 अशा गुणाकाराच्या वक्रांना 4प = अ² + 7ब², 4प = अ² + 11ब² असं मांडून प + 1 ± अ हे दोनच पर्याय उरतात. तिथं वक्रावरचा कुठलाही बिंदू घ्या आणि दोन्ही संख्यांनी गुणून (म्हणजे तोच बिंदू तितक्या वेळा मिळवून) बघा. एकीनं अनंत आलं आणि दुसरीनं नाही, तर पहिली खरी. दोन्हींनी आलं तर दुसरा बिंदू घ्या.