यूव्ही देऊनही जिवाणू जगतात? या चुका टाळा

पुण्यातल्या एमएस्सी मायक्रोच्या प्रॅक्टिकलमध्ये एक तक्रार ठरलेली: यूव्हीचा (अतिनील किरणांचा) डोस वाढवला तरी ई. कोलाय या जिवाणूच्या वसाहती कमी होत नाहीत. दोष लगेच यूव्ही ट्यूबला दिला जातो आणि बुधवार पेठेत नवी ट्यूब शोधायला कुणीतरी निघतं. थांबा, आधी खिडकीचा पडदा ओढा.

२५४ नॅनोमीटरच्या किरणांनी डीएनएतले शेजारचे थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात. फोटोलायेज हे एन्झाइम निळा प्रकाश वापरून ती जोडी सोडवतं. म्हणजे यूव्ही दिल्यानंतर तुम्ही उजेडात निवांत डायल्यूशन (पेशी मोजण्याआधी पातळ करणं) करत बसलात, की तेवढ्या वेळात दुरुस्ती चालूच राहते. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांना स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूमध्ये असेच लहरी आकडे मिळत होते. त्यांना आधी तापमानाचा संशय होता, कारण निघालं प्रकाश. तेव्हा डोस दिल्यापासून प्लेटिंगपर्यंत (पेशी प्लेटवर पसरेपर्यंत) फक्त पिवळा किंवा लाल मंद दिवा ठेवा, प्लेट्स फॉइलमध्ये गुंडाळूनच इन्क्युबेटरमध्ये घाला.

अंधारातही सगळी दुरुस्ती थांबत नाही. यूव्हीआर-ए, बी, सी ही प्रथिनं बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप देतात, साधारण १२-१३ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा निघतो आणि पॉलिमरेज-१ ती जागा भरतं. त्यामुळे वाइल्ड टाइपच्या (मूळ, न बदललेल्या स्ट्रेनच्या) आलेखाला सुरुवातीला खांदा येतो, म्हणजे कमी डोसला जगणाऱ्यांचा आकडा फारसा घसरत नाही. तो चूक समजून पट्टीने सरळ करू नका! यूव्हीआर-ए नसलेला स्ट्रेनही भरपूर जगला, तर मात्र संशय पुन्हा उजेडावरच घ्या, कारण त्याचं फोटोलायेज शाबूत असतं.

डिशचं झाकण काढलं होतं ना? प्लास्टिक हे किरण अडवतं. ब्रॉथही ते शोषतो, म्हणून पेशी सलाईनमध्ये धुऊन पातळ थरात घ्या.

रसायनांचा हिशोब वेगळा. एमएनएनजी या डीएनए बिघडवणाऱ्या रसायनाने डीएनएतल्या ग्वानिन या अक्षरावर मिथाइल गट बसतो, तिथे फोटोलायेजचा उपयोग शून्य. एडा प्रथिन तो मिथाइल स्वतःच्या सिस्टीन या अमिनो आम्लावर ओढून घेतं आणि ती जागा कायमची अडते, एका रेणूकडून असं काम एकदाच. पण थोडा डोस आधी मिळालेल्या पेशी एडा जास्त बनवतात आणि पुढचा मोठा डोस पचवतात. सॅमसन आणि केर्न्स यांनी १९७७ मध्ये हे दाखवलं. म्हणून कालच्या प्रयोगातलं उरलेलं कल्चर आजचं कंट्रोल म्हणून वापरू नका. एमएमएस हे असंच दुसरं रसायन वापरत असाल तर ठरल्या वेळी सोडियम थायोसल्फेट घालून क्रिया थांबवा, नाहीतर डायल्यूशनच्या नळीतही डोस चालूच राहतो. आणि एमएनएनजी, एमएमएस ही दोन्ही रसायनं हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्येच हाताळायची.